पीएम २.५ मधले टिकाऊ फ्री रॅडिकल कसे मोजायचे: फिल्टर, ईपीआर नळी आणि डीटीटी चाचणी

पुण्यात हवेतल्या धुळीचं वजन करणं आता नवं राहिलेलं नाही. कर्वे रस्ता, नळ स्टॉप, स्वारगेट, भोसरी इथे नियमित मोजणी होते. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या 'सफर' यंत्रणेचे आकडे कुणालाही मोबाइलवर दिसतात. भारतीय मानकानुसार पीएम २.५ ची, म्हणजे २.५ मायक्रोमीटर आणि त्याहून बारीक कणांची, मर्यादा २४ तासांना ६० आणि वर्षाला ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या पातळ्या याहून कितीतरी कडक आहेत: २४ तासांना १५, वर्षाला ५.

हे सगळे आकडे वजनाचे आहेत. पाषाण टेकडीवरून उडालेली माती आणि रस्त्याच्या कडेला जाळलेल्या प्लॅस्टिकची काजळी तराजूवर सारखीच भरते, फुप्फुसात मात्र सारखी वागत नाही. हा फरक ज्या गोष्टींमुळे पडतो त्यातली एक म्हणजे कणांवर चिकटून दिवसचे दिवस टिकणारे फ्री रॅडिकल. ते कसे पकडायचे, मोजायचे आणि आलेल्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा, ते इथे दिलं आहे. एमएस्सीच्या प्रकल्पाला झेपेल एवढंच घेतलं आहे. ईपीआर (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, एकट्या इलेक्ट्रॉनांचा सिग्नल मोजणारं) यंत्र सोडलं तर बाकीचं सामान चांगल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत जमवता येतं.

आधी रसायन

फ्री रॅडिकल म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला रेणू. तो सहसा क्षणभरही टिकत नाही. पण ज्वलनानंतर धूर थंड होत जातो, साधारण ६०० ते १०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात, तेव्हा फिनॉल, कॅटेकॉल, क्लोरोफिनॉल यांसारखे रेणू कणावरच्या तांबे, लोह, जस्त यांच्या ऑक्साईडला चिकटतात. एक इलेक्ट्रॉन धातूकडे जातो, धातूचं क्षपण होतं आणि मागे फिनॉक्सिल किंवा सेमिक्विनोन जातीचा रॅडिकल उरतो. धातूच्या पृष्ठभागाला धरून असल्यामुळे तो हवेतही तग धरतो. प्रयोगशाळेत बनवलेल्या नमुन्यांत तांब्याच्या ऑक्साईडवर त्याचं आयुष्य तासांत मोजतात, लोहावर दिवसांत, जस्तावर आठवड्यांत.

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या बॅरी डेलिंजर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या पाच ठिकाणच्या पीएम २.५ मध्ये हे रॅडिकल दाखवले. दर ग्रॅमला १०^१६ ते १०^१७ स्पिन (म्हणजे एकटे इलेक्ट्रॉन) मिळाले, आणि ते कित्येक महिने टिकत होते. या कणांच्या पाण्यातल्या अर्कांनी डीएनएला इजा झाली. याचं कारण असं: सेमिक्विनोन ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देतो, त्यातून सुपरऑक्साईड, पुढे हायड्रोजन पेरॉक्साईड, आणि लोह किंवा तांब्याच्या गाठी पडलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. पेशीतल्या क्षपणकारी रेणूंकडून क्विनोनला पुन्हा इलेक्ट्रॉन मिळतो आणि फेरा नव्याने सुरू होतो. मूळ रॅडिकल थोडे असले तरी नुकसान मोठं का, याचं उत्तर या फेऱ्यात आहे. फुप्फुसाच्या अस्तरावरचं ॲस्कॉर्बेट आणि ग्लुटाथायोन (संरक्षक अँटिऑक्सिडंट) याच फेऱ्यात खर्ची पडतं.

म्हणून दोन मोजण्या लागतात. ईपीआर सांगतो रॅडिकल किती आहेत आणि कोणत्या जातीचे. डीटीटी (डायथायोथ्रायटॉल, सहज इलेक्ट्रॉन देणारं रसायन) चाचणी सांगते की कण इलेक्ट्रॉनांची ही देवघेव किती वेगाने करतात. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नका.

जागा, हंगाम आणि वार

किमान तीन जागा घ्या: वाहतुकीची (कर्वे रस्त्यालगतची एखादी गच्ची), उद्योगाची (भोसरी एमआयडीसीचा परिसर) आणि तुलनेने स्वच्छ (पाषाणची टेकडीकडची बाजू). यंत्र गच्चीवर मोकळ्या जागी ठेवा, कठड्यापासून दोन मीटर आत. जनरेटर, मेसचा धुराडा किंवा लिफ्टच्या खोलीचा पंखा जवळ नको. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन थर बसतो आणि शेकोट्या, पालापाचोळा, कचरा यांचा धूर खालीच अडकतो. त्यामुळे दिवस आणि रात्र वेगळी घ्या: सकाळी ८ ते रात्री ८, आणि रात्री ८ ते सकाळी ८. पावसाळ्यात कण इतके कमी मिळतात की सिग्नल गोंगाटात बुडतो. पहिल्या प्रकल्पाला पावसाळा घेऊच नका. दिवाळीचे दिवस वेगळे ठेवा, फटाक्यांतलं तांबं डीटीटीचा आकडा फुगवतं. आणि गुरुवार टाळा. दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारीच जाते, आणि मधेच दोन तास बंद पडलेल्या पंपाचा नमुना घनमीटरच्या हिशोबात बसत नाही.

फिल्टर

दोन प्रकारचे फिल्टर शेजारीशेजारी चालवा. वजन आणि डीटीटीसाठी ४७ मिलिमीटरचा टेफ्लॉन, ईपीआरसाठी क्वार्ट्झ. क्वार्ट्झवर वजनाचा भरवसा नसतो, कारण कडेचे तंतू तुटून पडतात. ग्लास फायबर स्वस्त मिळतो, पण त्याच्या काचेतच लोह आणि जस्त असतं. जे शोधायचं तेच फिल्टरमधून येणार असेल तर काम वाया गेलं.

क्वार्ट्झ फिल्टर ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये सैल गुंडाळून मफल भट्टीत ५०० अंशांवर ५ तास भाजा आणि भट्टीतच थंड होऊ द्या. भाजलेल्या प्रत्येक गठ्ठ्यातला एक फिल्टर ब्लँक (धूळ नसलेला कोरा नमुना) म्हणून ईपीआरमध्ये बघा. रेषा सपाट यायला हवी. जी-व्हॅल्यू (ईपीआर रेषेची जागा सांगणारा आकडा) २.००१ च्या आसपास अरुंद शिखर दिसलं तर तो क्वार्ट्झमधल्याच दोषाचा सिग्नल आहे, तुमच्या धुळीचा नाही.

टेफ्लॉन फिल्टर २० ते २३ अंश आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत २४ तास ठेवून मगच तोला. तराजू १ मायक्रोग्रॅम अचूकतेचा हवा. टेफ्लॉनवर स्थिर वीज साठते आणि आकडा सरकत राहतो. तोलण्याआधी फिल्टर आयनायझरसमोर धरा. प्रत्येक फिल्टर तीनदा तोला. तिन्ही आकडे ५ मायक्रोग्रॅमच्या आत जुळेपर्यंत वहीत नोंद नको.

नमुना गोळा करताना

लो-व्हॉल्युम सॅम्पलरचा प्रवाह मिनिटाला १६.६७ लिटर, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर. हवेत ६० मायक्रोग्रॅम असेल तर फिल्टरवर १.४४ मिलिग्रॅम जमतो. फिल्टरचा धूळ बसलेला भाग ४० मिलिमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ १२.६ चौरस सेंटिमीटर, आणि दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.११ मिलिग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवा. ईपीआर नळीत मावतात एवढ्या पट्ट्यांवर धूळ किती, हे याच्यावरूनच ठरतं.

धूळ कमी पडते म्हणून ७२ तास पंप चालवण्याचा मोह होतो, तो आवरा. तीन दिवस त्याच फिल्टरमधून ओझोनसकट हवा खेचली जाते, आणि पहिल्या रात्री बसलेले अल्पायुषी रॅडिकल शेवटपर्यंत संपलेले असतात. त्यापेक्षा हाय-व्हॉल्युम सॅम्पलर बरा. मिनिटाला १.१३ घनमीटरने १२ तासांत सुमारे ८१४ घनमीटर हवा जाते आणि २० बाय २५ सेंटिमीटरच्या क्वार्ट्झवर तेवढीच दाट धूळ निम्म्या वेळात बसते. मात्र एक गोष्ट बघूनच यंत्र लावा. ब्रशच्या मोटरचे कार्बन ब्रश आणि तांब्याचा कम्युटेटर झिजून बारीक भुकटी बाहेर पडते. ती इनलेटमध्ये परत शिरली तर कार्बन आणि तांबं दोन्ही आयतंच मिळतं, आणि आकडे मोठे छान दिसतात. ब्रशविरहित मोटर घ्या, नाहीतर बाहेर पडणारी हवा तीन मीटरच्या नळीने वाऱ्याच्या दिशेला लांब सोडा.

सुरू करण्याआधी गळती तपासा. प्रवाह सुरुवातीला आणि शेवटी कॅलिब्रेटरने मोजा. ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर नमुना बाद. इंपॅक्टरमधला (जाड कण अडवणाऱ्या भागातला) सिलिकॉन तेलाचा फिल्टर दर पाच नमुन्यांनंतर बदला. तो धुळीने भरला की जाड कण उसळून खाली जातात आणि तुमचा पीएम २.५ हळूहळू पीएम १० होऊ लागतो. दर दहा नमुन्यांमागे एक फील्ड ब्लँक घ्या: फिल्टर होल्डरमध्ये बसवायचा, गच्चीवर न्यायचा, पंप न चालवता परत आणायचा.

साठवण

फिल्टर काढल्याची वेळ मिनिटासकट लिहा. इथून पुढचा प्रत्येक तास हा विदेचा भाग आहे. फिल्टर भाजलेल्या फॉइलमध्ये, मग झिप पिशवीत. नायट्रोजन असेल तर पिशवीत भरून घ्या. अंधारात, उणे २० अंशांवर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता अर्धा तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड फिल्टरवर बाष्प बसतं. पाण्याचा हा पातळ थर ईपीआरच्या पोकळीत (नळी जिथे बसते तिथे) मायक्रोवेव्ह शोषतो, यंत्र नीट ट्यून होत नाही आणि दोष मात्र यंत्राला दिला जातो.

पुण्यात ओळखीच्या संस्थेत ईपीआर मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर पवईला आयआयटी बॉम्बेच्या सैफ या सामायिक उपकरण केंद्रात ईएसआर यंत्र आहे. यंत्र तेच, नाव वेगळं. बाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे शुल्क भरून नोंदणी करता येते. वेळ ठरली की मगच नमुने गोळा करा, उलट क्रम नको. नेताना थर्माकोलच्या पेटीत जेल पॅक ठेवा. सुटा बर्फ वितळून फिल्टर भिजवतो.

ईपीआर नळी भरणं आणि स्कॅन

फिल्टर सिरॅमिक कात्रीने किंवा सिरॅमिक पात्याने कापा. स्टीलच्या कात्रीने पट्टीच्या कडेला लोहाचे कण लागतात. पट्टी २ मिलिमीटर रुंद, २० मिलिमीटर लांब. बाहेरून ४ मिलिमीटर व्यासाच्या क्वार्ट्झ नळीत अशा चार पट्ट्या एकावर एक बसतात. मिळून क्षेत्रफळ १.६ चौरस सेंटिमीटर, धूळ साधारण ०.१८ मिलिग्रॅम. पट्ट्यांचा मध्य पोकळीच्या मध्यावर यायला हवा. ती उंची नळीवर बाहेरून टेपने खूण करून ठरवून घ्या आणि स्टँडर्डसाठीही (ठाऊक स्पिनांचा तुलनेचा नमुना) तीच वापरा. खूण ३-४ मिलिमीटर सरकली तरी सिग्नल बदलतो. नळी बाहेरून अल्कोहोलने पुसा; बोटांचा घाम आणि पेनाची शाईसुद्धा सिग्नल देतात.

एक्स-बँड यंत्रावर सुरुवात अशी करा: फ्रिक्वेन्सी ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, मध्यबिंदू सुमारे ३३६० गॉस, स्वीप १०० गॉस, पॉवर १ ते २ मिलिवॅट, मॉड्युलेशन १०० किलोहर्ट्झ आणि २ गॉस, स्कॅन ८ ते १०. रेषेची रुंदी बहुधा ५ ते ८ गॉस येते. मॉड्युलेशन तिच्या एक तृतीयांशाच्या आत राहू द्या. पहिल्या नमुन्यावर पॉवर ०.२ पासून २० मिलिवॅटपर्यंत वाढवून सिग्नलची उंची पॉवरच्या वर्गमुळासमोर मांडा. रेषा जिथे वाकायला लागते तिथे सॅच्युरेशन सुरू होतं, आणि त्या पलीकडे मोजलेले स्पिन खऱ्यापेक्षा कमी भरतात. बरेच प्रकल्प नेमके इथेच घसरतात, कारण पॉवर वाढवली की रेषा छान दिसते.

शिवाय ५०० ते ५५०० गॉसचा एक रुंद स्कॅन घ्या. लोहाचा पसरट सिग्नल आणि मँगनीजच्या सहा रेषा त्यात कळतात. लोह जास्त असलं तर बारीक स्कॅनचा पाया तिरका येतो. तो सरळ न करता दुहेरी इंटिग्रेशन (रेषेवरून स्पिनची संख्या काढायची रीत) केलं तर उत्तर दुप्पटही येऊ शकतं.

जी-व्हॅल्यू आणि स्पिनची मोजदाद

जी-व्हॅल्यू = ७१४.४७७ × फ्रिक्वेन्सी (गिगाहर्ट्झ) ÷ चुंबकीय क्षेत्र (गॉस). ९.४३२ गिगाहर्ट्झ आणि ३३६३.८ गॉसला उत्तर २.००३४ येतं. २.००३ च्या खाली कार्बनकेंद्री रॅडिकल. २.००३ ते २.००४ मध्ये कार्बनकेंद्री पण शेजारी ऑक्सिजन असलेले, किंवा सरमिसळ. २.००४ च्या वर ऑक्सिजनकेंद्री, सेमिक्विनोन जातीचे. आता चूक किती महाग पडते बघा: क्षेत्रात १ गॉसची गफलत म्हणजे जी-व्हॅल्यूत ०.०००६, आणि तेवढ्याने नमुना एका जातीतून दुसरीत जातो. म्हणून रोज सुरुवातीला आणि शेवटी डीपीपीएच या टिकाऊ रॅडिकलच्या घन कणाने (जी-व्हॅल्यू २.००३६) क्षेत्र तपासा. जेओल कंपनीच्या यंत्रात मँगनीजचा मार्कर असतो. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या रेषा २.०३४ आणि १.९८१ ला येतात, त्याही चालतात.

स्पिन मोजण्यासाठी ३.९ मिलिग्रॅम डीपीपीएच १० मिलिलिटर टोल्युईनमध्ये फ्यूम हूडखाली विरघळवा. या द्रावणाच्या १० मायक्रोलिटरमध्ये सुमारे ६ × १०^१५ स्पिन असतात. नमुन्याच्या मानाने हे फार जास्त आहे, म्हणून १० पट, ३० पट आणि १०० पट पातळ करा. प्रत्येकाचे १० मायक्रोलिटर ब्लँक क्वार्ट्झच्या तशाच पट्ट्यांवर टाकून अंधारात वाळवा, त्याच उंचीवर, त्याच सेटिंगला स्कॅन करा. दुहेरी इंटिग्रलचा आलेख सरळ आला पाहिजे. द्रावण त्याच दिवशी वापरा, उद्यासाठी ठेवू नका.

उदाहरणापुरता हिशोब: ब्लँक वजा करून पट्ट्यांत १.६ × १०^१३ स्पिन निघाले आणि धूळ ०.१८ मिलिग्रॅम असेल, तर दर ग्रॅमला ८.९ × १०^१६. हवेत ६० मायक्रोग्रॅम असताना दर घनमीटरला ५.३ × १०^१२. दोन्ही आकडे द्या. पहिला धुळीचा गुण सांगतो, दुसरा माणसाने श्वासावाटे किती घेतलं ते.

तीच नळी १, ३, ७, १५ आणि ३० व्या दिवशी पुन्हा मोजा. मधल्या काळात ती खोलीच्या तापमानाला, अंधारात, तोंड कापसाने सैल बंद करून ठेवा. घट काही दिवस वेगाने होते, मग रेंगाळते, आणि एक भाग हलतच नाही. न हलणारा भाग बऱ्याच अंशी काजळीच्या आतल्या कार्बनचा असतो. तो सिग्नल खरा आहे, पण वर सांगितलेल्या फेऱ्यात त्याचा वाटा वेगळा असतो. एकूण आकड्याला सरसकट 'विषारी रॅडिकल' म्हणणं म्हणूनच चूक आहे. वेगवान घट, मंद घट आणि स्थिर भाग तीन ओळींत वेगळे लिहा.

डीटीटी चाचणी

सगळी काचेची भांडी १० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर ठेवून शुद्ध पाण्याने धुवा. पाणी १८.२ मेगाओहमचं. पोटॅशियम फॉस्फेटचं बफर ०.५ मोलर, पीएच ७.४. बाजारातल्या चांगल्या फॉस्फेटमध्येही तांब्याचा अंश असतो आणि तो एकटाच डीटीटी खाऊन टाकतो. म्हणून १०० मिलिलिटर बफरमध्ये ५ ग्रॅम चेलेक्स-१०० (धातू धरून ठेवणारं रेझिन) टाकून तासभर ढवळा आणि गाळा. चेलेक्सने पीएच वर चढतो, तो पुन्हा ७.४ वर आणा. ही एक पायरी गाळली की ब्लँकच इतका वेगाने उतरतो की नमुना त्यात दिसेनासा होतो.

आणखी लागतं ते असं:
- डीटीटी १ मिलिमोलर: १.५४ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये, रोज ताजं, बर्फावर.
- ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड, १० टक्के. हातमोजे हवेतच, कातडी भाजते.
- ट्रिस ०.४ मोलर, पीएच ८.९, त्यात ईडीटीए (धातूंना बांधून ठेवणारं रसायन) २० मिलिमोलर.
- डीटीएनबी (उरलेल्या डीटीटीशी पिवळा रंग देणारं) १० मिलिमोलर: ३९.६ मिलिग्रॅम १० मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये, गडद बाटलीत.

टेफ्लॉन फिल्टरचा अर्धा भाग (वरच्या २४ तासांच्या उदाहरणात ०.७२ मिलिग्रॅम) २० मिलिलिटर पाण्यात धूळ खाली करून बुडवा आणि शेकरवर तासभर हलवा. अल्ट्रासोनिक बाथ झटपट वाटतो, पण ध्वनिलहरींच्या फुटणाऱ्या बुडबुड्यांत पाण्यापासूनच हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. वापरायचाच असेल तर बर्फाच्या पाण्यात पाच-पाच मिनिटं, आणि ब्लँक फिल्टरही त्याच बाथमधून, तेवढाच वेळ. या अर्काचे ८ मिलिलिटर घेऊन २० पर्यंत पातळ करा. दर मिलिलिटरला सुमारे १४.४ मायक्रोग्रॅम होतो.

३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये गडद व्हायलात ३.५ मिलिलिटर अर्क आणि १ मिलिलिटर बफर घेऊन १० मिनिटं तापवा. मग ०.५ मिलिलिटर डीटीटी घाला आणि घड्याळ लावा. ०, १०, २०, ३० आणि ४० मिनिटांना ०.५ मिलिलिटर काढून ०.५ मिलिलिटर ॲसिडमध्ये टाका. प्रक्रिया तिथेच थांबते. त्या मिश्रणाचे ०.५ मिलिलिटर, त्यावर १ मिलिलिटर ट्रिस आणि २५ मायक्रोलिटर डीटीएनबी. पिवळा रंग लगेच येतो. ४१२ नॅनोमीटरला वाचा.

शून्य मिनिटाला वाचन ०.४६ च्या जवळ यायला हवं. ०.४० च्या खाली आलं तर डीटीटी जुनं आहे किंवा पिपेट चुकतंय. रंग फिका आणि हळू वाढत असेल तर ॲसिड जास्त पडलं आहे: पीएच खाली गेला की डीटीएनबीची प्रक्रिया मंदावते. मिश्रण १ मिलिलिटर झालं तरी त्यातून अर्धाच घ्यायचा, पूर्ण ओतायचं नाही, याचं कारण हेच.

हिशोब: उताराला सुरुवातीच्या वाचनाने भागून ५०० ने गुणा, कारण ५ मिलिलिटरमध्ये ५०० नॅनोमोल डीटीटी असतं. समजा नमुन्याचा उतार मिनिटाला ०.००१६ आणि ब्लँकचा ०.०००४ आला. दर १.७२ आणि ०.४३ नॅनोमोल, फरक १.२९. भांड्यात धूळ ५०.४ मायक्रोग्रॅम, म्हणजे दर मायक्रोग्रॅमला मिनिटाला सुमारे २५.६ पिकोमोल. ब्लँक ०.५ नॅनोमोलच्या वर गेला तर नमुना चालवूच नका, बफर पुन्हा करा. ४० मिनिटांत २० टक्क्यांहून जास्त डीटीटी संपलं तर रेषा वाकते. अर्क आणखी पातळ करा. रोज एक पॉझिटिव्ह कंट्रोल लावा: ९,१०-फिनॅन्थ्रीनक्विनोन ०.०५, ०.१ आणि ०.२ मायक्रोमोलर. दर प्रत्येक पायरीला दुप्पट झाला पाहिजे. हा पदार्थ विषारी आहे, भुकटी हूडबाहेर तोलू नका.

तांबं आणि मँगनीजही डीटीटी खातात, लोह फारसं नाही. म्हणजे ब्रेकच्या झिजेतलं तांबं असलेला कर्वे रस्त्याचा नमुना रॅडिकल कमी असूनही चढा येऊ शकतो. दुसऱ्या व्हायलात ईडीटीए घालून तीच चाचणी करा; जेवढा दर पडला तेवढा बहुतांशी धातूंचा. अर्क पाण्यात काढल्यामुळे न विरघळणारी काजळी यात पुरती मोजली जात नाही, हेही लिहा.

हायड्रॉक्सिल रॅडिकल दाखवायचा असेल तर

हे काम ऐच्छिक आहे. अर्कात स्पिन ट्रॅप (अल्पायुषी रॅडिकल पकडून ठेवणारा रेणू) डीएमपीओ ५० ते १०० मिलिमोलर घालून पातळ कॅपिलरीत घ्या. जाड नळीतलं पाणी यंत्र ट्यून होऊ देत नाही. १:२:२:१ उंचीच्या चार रेषा आणि १४.९ गॉसचं अंतर म्हणजे हायड्रॉक्सिलचा ॲडक्ट (ट्रॅपला जोडून झालेला रेणू). पण विरघळलेलं फेरिक लोह डीएमपीओवर पाणी जोडून हुबेहूब तोच सिग्नल देतं. पडताळणीसाठी दुसऱ्या नमुन्यात १० टक्के डीएमएसओ घाला. हायड्रॉक्सिल खरा असेल तर चार रेषा कमी होऊन सहा रेषांचा मिथिल ॲडक्ट दिसतो, १६.४ आणि २३.४ गॉसचा. तो दिसला नाही तर हायड्रॉक्सिलचा दावा करू नका. बाटलीतलं डीएमपीओ पिवळसर झालं असेल तर सक्रिय कोळशातून गाळून नुसत्या बफरमध्ये आधी तपासा.

नोंद कशी करायची

दर नमुन्यापुढे या गोष्टी हव्यात: जागा, वार, सुरू-बंद वेळ, घनमीटर, टेफ्लॉनचं वजन, फिल्टर काढल्यापासून ईपीआर स्कॅनपर्यंतचे तास, जी-व्हॅल्यू, रेषेची रुंदी, स्पिन दर ग्रॅमला आणि दर घनमीटरला, डीटीटी दोन्ही एककांत (दर मायक्रोग्रॅमला आणि दर घनमीटरला), ईडीटीएसह डीटीटी, त्या दिवसाचा ब्लँक. तासांचा रकाना सर्वांत जास्त वेळा रिकामा सापडतो, आणि तोच नसेल तर तुलना होत नाही. भोसरीचा फिल्टर दुसऱ्या दिवशी मोजला आणि पाषाणचा नवव्या दिवशी, तर पाषाणची हवा चांगली निघणारच. ज्या तारखेला यंत्र मिळालं तिच्यापासून उलट मोजून तिन्ही जागांचे पंप एकाच रात्री लावा, आणि नळ्या एकाच बैठकीत, जागांची सरमिसळ करून स्कॅन करा. पहिली नळी शेवटी पुन्हा मोजा. दोन वाचनांत १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर दिवसभरात यंत्र सरकलं आहे, आणि ती अख्खी बैठक पुन्हा करावी लागेल.